मालकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलाय: सोलापुरातल्या घरात बायकोने काय काय हातात घ्यायचं

नंबर यायला तीन तास आणि डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटं. सोलापूर असो, बार्शी असो की परळचं टाटा, ओपीडीचा हिशेब फारसा बदलत नाही. त्या पाच मिनिटांत पेशंट बहुतेक वेळा "बरं आहे साहेब" म्हणून मोकळा होतो. रात्र कण्हत काढलेली असते, लघवीला पाच वेळा उठलेलं असतं, पण खुर्चीत बसलं की सगळं बरं. म्हणून शेजारी बसलेल्या बायकोचं पहिलं काम म्हणजे घरात दिसलेलं सगळं त्या टेबलापर्यंत पोचवणं. सेवा त्याच्या नंतर येते, आणि ती कशी करायची हे बहुतेक बायकांना शिकवावं लागत नाही.

हे सगळं लिहिलंय ते कॅन्सर प्रोस्टेट या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या बाहेर पडून हाडांत किंवा लांबच्या लसिका गाठींत गेलेल्या टप्प्यासाठी. या टप्प्यावर आजार मुळासकट जाणं अवघड, पण तो ताब्यात ठेवण्याची औषधं बरीच आहेत आणि अनेक पुरुष त्यांवर वर्षानुवर्षं चालते-फिरते राहतात. तेव्हा घाईने हात टेकू नका आणि घाईने जमीनही विकायला काढू नका.

आधी फाइल

प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद कुठल्याही डॉक्टरला नकोसे वाटतात. नव्या पेठेत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात कप्प्यांची फाइल मिळते, ती आणा. एका कप्प्यात बायोप्सीचा रिपोर्ट, दुसऱ्यात रक्ताचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, तिसऱ्यात स्कॅनचे कागद आणि सीडी, चौथ्यात डिस्चार्ज कार्ड. इंजेक्शनच्या खोक्यावरचा स्टिकर फेकू नका, तारीख टाकून चिकटवून ठेवा. नुसता स्कॅनचा कागद पुरत नाही. दुसरीकडे दाखवायला गेलात की सीडी मागतात, आणि नसेल तर तोच स्कॅन पुन्हा करायला लागतो.

बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, लॅबकडेच राहतात. मोठ्या रुग्णालयात जायच्या आधी ते लॅबमधून सही करून घ्या. ते लोक स्वतः पुन्हा तपासतात. पुढे जनुकाची तपासणी करायची झाली तरी तोच ब्लॉक लागतो. रुग्णालयाने केसपेपरच्या प्रती द्यायला टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. नियम भांडून सांगू नका, अर्जावर लिहून पोच घ्या. काम लवकर होतं.

फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद, दोन्ही बाजूंना, मोठ्या अक्षरात. तो साधारण असा असावा (ग्लीसन म्हणजे बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, पीएसए म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी):

वय ६८, वजन ६१ किलो. साखर आणि बीपी आहे. सल्फाची ॲलर्जी.
निदान: बायोप्सी, ग्लीसन ४+५. उपचारापूर्वी पीएसए १८६.
कुठे पसरलाय: कंबरेचे मणके, उजवी बरगडी, पोटातल्या गाठी.
इंजेक्शन: दर तीन महिन्यांनी. मागचं कधी, पुढचं कधी.
गोळ्या: नाव, मिलिग्रॅम, किती वाजता.
गेल्या भेटीनंतर नवीन काय: डाव्या मांडीत दुखतं, रात्री जास्त. भूक कमी. दोनदा तोल गेला.
आज विचारायचं: तीनच प्रश्न.

तीनच, कारण दहा प्रश्न काढले की डॉक्टर पहिल्या दोनांची उत्तरं देऊन उठतात. मागच्या बाजूला चार रकाने: तारीख, पीएसए, टेस्टोस्टेरॉन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). रिपोर्ट आला की त्याच दिवशी आकडा उतरवायचा. पीएसए शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या मशिनचे आकडे थोडे वेगळे येतात आणि त्या फरकाने घरात उगाच सुतक पसरतं.

उपचार समजून घ्या, म्हणजे विचारता येईल

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. म्हणून पहिला उपाय हार्मोन तोडण्याचा: एक तर महिन्याला, तीन महिन्यांना किंवा सहा महिन्यांना इंजेक्शन, नाहीतर अंडकोषातल्या ग्रंथी काढण्याचं छोटं ऑपरेशन. ऑपरेशन एकदाच होतं आणि एकूण हिशेबात खूप स्वस्त पडतं. इंजेक्शन महाग, तारखा पाळाव्या लागतात, पण शरीर आहे तसं राहतं. परिणाम दोन्हींचा सारखाच. इथे निर्णय मालकांचा आहे, तुमचा किंवा मुलाचा नाही. खर्चाचा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि दोन दिवस विचार करू द्या. लाजेपोटी काही पुरुष डॉक्टरांसमोर "चालेल" म्हणतात आणि घरी येऊन गप्प होतात.

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन या इंजेक्शनांत पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं आणि मग पडतं. त्या दिवसांत हाडं जास्त दुखू शकतात, लघवी अडू शकते. म्हणून सुरुवातीला काही आठवडे बायकॅल्युटामाइडसारखी गोळी जोडून देतात. पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी विचारा: "आधी गोळी सुरू करायची का?" मणक्यात गाठ असेल तर हा प्रश्न चुकवूच नका. डेगारेलिक्स नावाचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन यांत ही सुरुवातीची उसळी नसते.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा: "फक्त इंजेक्शनच का? सोबत ॲबिरॅटेरॉन, एन्झालुटामाइड, ॲपालुटामाइड यांतली गोळी किंवा डोसेटॅक्सेलची केमो का नाही?" २०१५ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत, पसरलेल्या आजारात सुरुवातीलाच दुसरं औषध जोडलं तर आयुष्य वाढतं हे दिसलेलं आहे. वय, हृदय, लिव्हर, खर्च यांमुळे न जोडण्याची खरी कारणं असू शकतात. पण कारण काय, ते ऐकायचा तुम्हाला हक्क आहे. आवाज न चढवता विचारायचं: "साहेब, यांना ते का चालणार नाही, तेवढं सांगा."

पीएसए पडतो आहे म्हणजे उपचार लागू पडतो आहे. सहा-सात महिन्यांत तो ०.२ च्या खाली गेला तर फार चांगलं, आणि ४ च्या वरच घुटमळत राहिला तर पुढच्या उपायाचं लवकर बोला. पुढे कधीतरी पीएसए चढायला लागला, तर औषध बदलायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली आहे ना? इंजेक्शन लांबलं असेल, नीट बसलं नसेल, तर टेस्टोस्टेरॉन वर जातं आणि त्याबरोबर पीएसएही. ही तपासणी स्वस्त आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या वेळा राहून जाते. दोन, एकाच रिपोर्टवर निर्णय होत नाही. परत करून चढ खरा आहे का बघतात. नव्या औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत तो वर जाऊन मग खालीही येतो. आणि उलटंही आहे: पीएसए कमी असूनही दुखणं वाढत असेल तर स्कॅन मागा. आकडा चांगला आहे म्हणून पेशंटचं म्हणणं खोटं ठरत नाही.

गोळी कधी, भाकरी कधी

ॲबिरॅटेरॉन ही उपाशीपोटी घ्यायची गोळी आहे. साधारण डोस १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार किंवा ५०० च्या दोन. खाल्ल्यानंतर दोन तास झालेले हवेत आणि गोळीनंतर एक तास काही खायचं नाही. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर रक्तात तिचं प्रमाण दहापट होऊ शकतं, आणि मग बीपी, पाय सुजणं, पोटॅशियम घसरणं हे सगळं मागे लागतं. सोपा मार्ग असा: पहाटे साडेपाचला उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, साडेसहानंतर दुधाचा चहा. मधल्या तासात बिस्किट नाही, चहाही नाही. सोबतची प्रेडनिसोलोन मात्र नाश्त्यानंतर, भरल्या पोटी.

प्रेडनिसोलोन स्टिरॉइड आहे हे ऐकून कुणी नातेवाईक "स्टिरॉइड वाईट, बंद करा" म्हणतील. अचानक बंद करायची नाही. शरीराला तिची सवय झालेली असते, तोडली तर पेशंट कोसळू शकतो. साखर असेल तर ती वाढणार, म्हणून पहिल्या महिन्यात साखर जास्त वेळा तपासा. बीपीचं मशिन घरी ठेवा. लिव्हर आणि पोटॅशियमची तपासणी पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याला करतात. डॉक्टर लिहायला विसरले तर तुम्ही आठवण करा. घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिला या गोळ्या उघड्या हाताने काढून द्यायला लावू नका.

एन्झालुटामाइडला जेवणाचं बंधन नाही, पण थकवा येतो आणि माणूस पडतो. क्वचित फिट येते. पूर्वी फिटचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ॲपालुटामाइडने अंगावर पुरळ उठतं. ते दिसताच कळवा, वाट बघू नका.

हाडं टिकवायला झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन लिहून दिलं तर सुरुवातीआधी दात दाखवून घ्या. मिश्री, तंबाखूने हललेले दात असतील तर काढायचे ते आधी काढायचे आणि हिरडी भरून आली की मगच सुरुवात. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं. झोलेड्रॉनिकच्या प्रत्येक वेळी आधी क्रिएटिनिन. पहिल्या डोसनंतर दोन दिवस कणकण आणि अंगदुखी येते, ती जाते. दर चार आठवड्यांनी द्यायचं की बारा, आणि याच टप्प्यावर का, हेही विचारा.

हे दिसलं तर रात्र काढायची नाही

सगळ्यात वरती मणका. हाडातली गाठ मज्जारज्जूवर दाबते तेव्हा आधी नवी, न थांबणारी पाठदुखी येते. आडवं झाल्यावर, खोकल्यावर वाढते, कधी छातीला-पोटाला पट्टा आवळल्यासारखी लागते. मग पाय जड होतात, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, उकिडवं बसून उठता येत नाही. शेवटी लघवी-संडासवरचा ताबा जातो. शेवटापर्यंत थांबायचं नाही. ज्या अवस्थेत उपचार सुरू होतो, साधारण त्याच अवस्थेत पाय राहतात: चालत गेलेला माणूस चालत राहण्याची शक्यता भरपूर, उचलून नेलेला क्वचितच पुन्हा चालतो.

म्हणून पाय जड वाटायला लागल्यापासून तास मोजा. १०८ ला फोन करा, पाठीवर सरळ झोपवून न्या, रिक्षात वाकवून बसवू नका. कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा डॉक्टर नवखा असेल, पाठदुखी म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवेल. तिथे हे वाक्य जसंच्या तसं बोला: "यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, मणक्यात पसरलाय, कालपासून पायातली ताकद कमी झालीय. मज्जारज्जू दबलाय का बघायला पूर्ण मणक्याचा एमआरआय आत्ता हवा. स्टिरॉइड आत्ता द्यायचं का, वरच्या डॉक्टरांना विचारा." नुसत्या कंबरेचा नाही, पूर्ण मणक्याचा, कारण गाठ बहुतेकदा छातीमागच्या मणक्यात असते. दाब दिसला तर स्टिरॉइड, आणि शक्यतो २४ तासांत रेडिएशन किंवा ऑपरेशन. शासकीय रुग्णालयाची म्हणजे आपल्या सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते, पण रेडिएशन कुठे होईल आणि तिथे कोण नेईल हे आजच, शांत असताना, तुमच्या डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

डोसेटॅक्सेलची केमो चालू असेल तर ताप. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला की तासाभरात रुग्णालय. क्रोसिन देऊन "सकाळी बघू" केलं तर ताप उतरतो आणि जंतू आत पसरत राहतात. डिजिटल थर्मामीटर घरात हवा, कपाळावर हात ठेवून ठरवायचं नाही. या आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेत, लग्नाच्या मांडवात नेऊ नका. नळाला रोज पाणी येत नाही, साठवलेलं असतं, म्हणून पिण्याचं पाणी उकळूनच.

लघवी पूर्ण बंद होणं किंवा लघवीत रक्ताच्या गुठळ्या येणं, ही त्याच दिवशी दाखवायची गोष्ट. लघवी हळूहळू कमी होत जाऊन तोंडाला सूज, उलट्या, गुंगी आली तर किडनीच्या नळ्या दबल्या असतील. लगेच क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी करून घ्या.

दुखणं मोजायचं, सोसायचं नाही

शून्य ते दहात किती दुखतंय, हे सकाळ-संध्याकाळ विचारून लिहा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर मालकांना त्यांच्या भाषेतच सांगू द्या. डॉक्टरांपुढच्या तोडक्या मराठीत दुखण्याचे प्रकार हरवतात, आणि भाजल्यासारखं, टोचल्यासारखं की ठणकतं, यावर औषध बदलतं.

मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर आणून रोज देऊ नका. किडनी आधीच ताणाखाली असते. मॉर्फिनचं नाव ऐकून घर घाबरतं, पण डॉक्टरच्या हाताखाली, ठरलेल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने कॅन्सरचा पेशंट सहसा व्यसनी होत नाही. दुखण्याची वाट न बघता घड्याळ बघून द्यायचं, मधे उसळलं तर जादाचा डोस किती तो लिहून घ्यायचा. पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. ते न दिल्याने चार दिवस संडास अडते आणि मग दोष मॉर्फिनला मिळतो. सावकाश विरघळणारी गोळी कुटून, तोडून देऊ नका. मॉर्फिन सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यता असलेल्या रुग्णालयांतून मिळतं. संपायच्या पाच दिवस आधी सोय करा. डॉक्टर टाळत असतील तर स्पष्ट विचारा: "पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना दाखवू का?" दुखणं आणि त्रास सांभाळणारा हा विभाग शेवटच्या आठवड्यासाठी असतो हा गैरसमज आहे.

एकाच हाडात फार दुखत असेल तर रेडिएशनचा एकच डोस पुष्कळदा पुरतो. त्यानंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं, आराम पडायला एक ते चार आठवडे लागतात. हे माहीत नसलं की "उलट वाढलं" म्हणून लोक पुढचं सोडून देतात.

आणि एक गोष्ट हात जोडून: हाडवैद्याकडे पाठ ओढायला, मणक्यावर मालिश करायला नेऊ नका. कॅन्सरने पोखरलेलं हाड दाबलं की मोडतं.

लघवीची नळी बसवली असेल तर

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला पट्टीने बांधा, ओढ बसू देऊ नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी-नंतर साबणाने हात. नळी शरीरात जिथे शिरते तिथे साबण-पाण्याने रोज धुवा, डेटॉल-सॅव्हलॉन चोळू नका. लघवी यायची थांबली तर आधी नळी कुठे पिळली आहे का, मालक तिच्यावर झोपलेत का, ते बघा. तरी नाही आली आणि ओटीपोट टणक झालं तर रुग्णालय. नळी बदलायची तारीख तिच्या प्रकारावर ठरते, सिलिकॉनची जास्त टिकते, लेटेक्सची लवकर बदलावी लागते. बसवतानाच विचारून कॅलेंडरवर लिहा.

पैसा आणि गाडी

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार येतात, पण फक्त यादीतल्या रुग्णालयांत आणि आधी मंजुरी घेऊन. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. रेशनकार्ड आणि आधारवर नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का, ते आजच तपासा. "रामचंद्र" आणि "रामचंदर" एवढ्या फरकावर मंजुरी अडते आणि तहसीलच्या चकरा सुरू होतात. कुठली तपासणी, कुठलं औषध पॅकेजमध्ये आहे आणि कुठलं नाही, हे लिहून घ्या. तक्रार आणि चौकशीचा नंबर १५५३८८. ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथली वाट वेगळी, ती आधी बघा. आणि तुम्ही स्वतः विड्या वळत असाल, तर तुमचं विडी कामगार ओळखपत्र घेऊन कामगार कल्याण दवाखान्यात घरच्यांच्या कॅन्सरवरच्या मदतीची चौकशी करा. कार्ड बायकोच्या नावावर असतं, म्हणून घरातल्या कुणाला ते सुचतच नाही.

गोळी ब्रँडच्या नावाने लिहिली असेल तर मूळ औषधाचं नाव विचारा. ॲबिरॅटेरॉनच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठी तफावत आहे. दोन-तीन दुकानांत आणि रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये भाव काढा, पण कंपनी बदलताना डॉक्टरांना दाखवा.

रेडिएशन-केमोसाठी एक ठिकाण म्हणजे बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, साधारण सत्तर किलोमीटर. एसटीत तुमचं तिकीट अर्धं, मालक ६५ च्या वर असतील तर त्यांचंही अर्धं, ७५ पूर्ण असतील तर फुकट. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास सोयीचा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, पहिल्या भेटीतच भरून घ्या. वंदे भारतला ही सवलत चालत नाही. खालचा बर्थ मागा, तोही संडासाजवळचा.

घरात

हार्मोन तुटल्यावर बाईला पाळी जाताना होतं तसं होतं: अंगातून वाफा, घाम, चिडचिड, रडू. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे दुप्पट. सुती बनियन दोन जादा, उशाशी पाणी, कूलर दारात, रात्री मसालेदार जेवण आणि गरम चहा कमी. फार झालं तर त्यावर औषध आहे, सांगा. गोळ्या दुपारी गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि फ्रिजचं इंजेक्शन आणायला बर्फाची पिशवी न्या.

वजन वाढतं पण मांस झडतं. म्हणून रोज अर्धा तास चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, डॉक्टरांनी हाडं बघून होकार दिल्यावर. ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, ताक चालू ठेवा. तोंड आलेलं असेल तेव्हा शेंगाचटणी आणि कडक भाकरी बाजूला ठेवा, दुधात कुस्करलेली मऊ भाकरी द्या. बाथरूममध्ये पकडायला दांडी, रात्री छोटा दिवा, भारतीय संडासावर ठेवायचा कमोडचा स्टँड: हे तीन खर्च पडून मांडीचं हाड मोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. कुणी पुडी, काढा, भस्म आणून दिलं तर भांडू नका. "डॉक्टरांना दाखवून मग सुरू करते" म्हणा आणि खरंच दाखवा.

इच्छा जाते, ताठरता जाते. हे इंजेक्शनचं काम आहे, तुमच्यावरच्या मायेचं नाही. मालक पाठ फिरवून झोपतात ते बहुतेक वेळा शरमेने. हात हातात घ्या, जवळ झोपा, हा आजार लागत नाही. गप्प राहणं, जेवण टाकणं, "आता कशाला" असं पुन्हा पुन्हा म्हणणं दोन आठवड्यांपेक्षा लांबलं तर ते नैराश्य असू शकतं. ओपीडीच्या कागदावर तेही लिहा.

लपवायचं का

"त्यांना सांगू नका, खचतील" असं पुण्याहून मुलगा फोनवर सांगतो, दीर सांगतो. बहुतेक पुरुषांना कळलेलं असतं. केमोच्या वॉर्डात बसून कुणाला कळत नाही? लपवल्याने एवढंच होतं की ते एकटे पडतात आणि त्यांचे निर्णय दुसरे घेतात. एकदा सरळ विचारा: "अहो, रिपोर्टमधलं सगळं ऐकायचंय का, की डॉक्टरांनी माझ्याशी बोलावं?" ते जे म्हणतील ते डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगा. पुढे डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलायला लागले तर म्हणा, "त्यांनाच विचारा, मी लिहून घेते."

त्यांना काय हवंय, हेही उपचाराचा भाग आहे. आषाढीला पंढरपूर करायचं असेल, नातीच्या बारशाला बसायचं असेल तर तारीख डॉक्टरांना महिनाभर आधी सांगा. केमो काही दिवस पुढे-मागे करता येते, पण आयत्या वेळी नाही. एका टप्प्यानंतर आणखी केमो घ्यायची की फक्त दुखणं सांभाळायचं, व्हेंटिलेटर हवा की नको, हेही ते नीट बोलू शकतात तेव्हाच विचारून ठेवा. बँकेचं खातं दोघांच्या नावावर, वारसाची नोंद, पेन्शनचे कागद, गाळ्याचं किंवा मागाचं भाडं कुणाकडून येतं ते, सही चालते आहे तोवर उरकून घ्या.

तुमचं काय? आठवड्यातल्या दोन दुपारी नणंद, जाऊ, मुलगी, कुणीतरी बसायला हवं, आणि त्या दुपारी तुम्ही बाजार करायचा नाही, झोपायचं. तुमची बीपीची गोळी चुकली तर घरात दोन पेशंट होतील. मदतीला येतो म्हणणाऱ्याला "बघू" म्हणू नका, काम नेमून द्या: मंगळवारी रक्त द्यायला नेणं, रिपोर्ट आणणं, गॅसचा नंबर लावणं.

राहिलं एक काम, जे सगळ्यांत उशिरा आठवतं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये बीआरसीए या जनुकाची तपासणी करावी का, ते डॉक्टरांना विचारा. दोष सापडला तर मालकांसाठी ओलापॅरिबसारख्या औषधाची वाट पुढे उघडते. तोच दोष मुलांत-मुलींत उतरू शकतो, आणि मुलींमध्ये त्याने स्तन आणि बीजाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून लेकीलाही कळवा. तपासणी झाली नाही तरी त्यांच्या सख्ख्या भावांनी आणि मुलांनी पंचेचाळिशीच्या आसपास पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलावं. दीर "मला काही होत नाही" म्हणतील. पुढच्या वेळी मालकांचं रक्त द्यायला जाल तेव्हा त्यांनाच सोबतीला घेऊन जा.